कुणाचं तरी दूध

तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळ जेमतेम ओला झाला होता. दूध काढायचा पंप अजून घरघरत होता आणि पडद्यापलीकडे वाट पाहणारी कुणीतरी खुर्ची पुढेमागे सरकवत होती. तिने पंप बंद केला नाही. नळ कोरडा आहे हे ठाऊक असूनही माणूस बादली काढून घेत नाही, तसा तो आणखी बराच वेळ चालू दिला. मग बाटली रुमालात गुंडाळली, कुणाला दिसू नये अशी पिशवीच्या तळाशी ठेवली आणि मान खाली घालून बाहेर आली.

बाकावर सासूबाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या.

"निघालं काही?"

"निघेल."

"अंगावर दूध नाही आणि डोक्यात विचार मात्र दुथडी भरून," सासूबाई म्हणाल्या. "जरा डोळे मिटून गप पडावं. गायसुद्धा घाबरली की पान्हा चोरते."

"गायीचं वासरू रोज सकाळी काट्यावर ठेवून तिला दाखवत नाहीत, आई."

सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. त्यांची माघार अशीच असायची.

बाळ वेळेआधी आलं होतं. काचेच्या पेटीत ते पाठीवर निजलेलं असायचं, नाकातून एक नळी पोटापर्यंत गेलेली. पावडरचं दूध त्याला सोसलं नव्हतं. पोट फुगून टणक झालं, तेव्हा डॉक्टरांनी ते थांबवलं होतं. आता वजन घटत होतं. ती रोज सकाळी काट्यावरचा आकडा आधी आणि बाळाचा चेहरा नंतर बघायची.

त्या दिवशी दुपारी सिस्टर तिच्याजवळ येऊन बसली. ही सिस्टर रुंद खांद्यांची होती, पेन केसात खोचून ठेवायची आणि मग सगळीकडे शोधायची.

"दुसऱ्या आईचं दूध देऊन बघू या," ती म्हणाली. "आपल्याकडे मिल्क बँक आहे. ज्यांना जास्त येतं त्या देऊन जातात. तपासलेलं असतं, तापवून निर्जंतुक केलेलं असतं. तुमचं आलं की हे बंद."

"कुणाचं?"

"ते सांगत नाही आम्ही. देणारीला कळत नाही कुणाला गेलं आणि घेणारीला कळत नाही कुणाचं आलं."

"पण ती काय खाते? काही औषधं घेते का? तिचं स्वतःचं बाळ केवढं आहे? घरात कुणाला खोकलाबिकला..."

"अहो, स्थळ बघताय का?"

सासूबाई खुदकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "ओळख ना पाळख. कुठली कोण बाई, तिचं दूध आपल्या बाळाच्या पोटात जायचं."

तिने काचेतून आत पाहिलं. बाळाची छाती भरभर वरखाली होत होती.

"द्या," ती म्हणाली.

दूध सोसलं. पोट मऊ राहिलं. आकडा आधी थांबला, मग किंचित सरकला. नवऱ्याला फोनवर सांगताना तिचा आवाज इतका सपाट होता की त्याने घाबरून विचारलं, "अगं, म्हणजे वाढलंच ना?"

बाळाची काळजी थोडी हलकी झाल्यावर तिच्या नजरेला दुसरं काम मिळालं. बाकासमोर एक हिरवं दार होतं. त्याच्या आत मिल्क बँक आहे, एवढं तिला ठाऊक होतं. त्या दारातून बायका आत जात आणि बाहेर येत. त्यांच्यातलीच एक तिच्या बाळाला जगवत होती. ती प्रत्येकीकडे बघायची. एक ऑफिसचं कार्ड गळ्यात घालून धावत यायची. हिच्या दुधात सगळी दगदगच उतरत असणार. एक सतत फोनवर भांडायची. ही नको, असं तिने मनोमन ठरवून टाकलं.

आणि एक होती थर्मासवाली. ठेंगणी, भरल्या अंगाची, रोज सकाळी हातात मोठा स्टीलचा थर्मास घेऊन येणारी. आत जाताना थर्मास जपून छातीशी धरलेला असायचा. तासाभराने ती बाहेर यायची तेव्हा तो हातात रिकामा झुलत असायचा आणि चेहऱ्यावर काही चांगलं उरकून आल्याचं समाधान असायचं.

"हीच ती," तिने सासूबाईंना हळूच सांगितलं.

सासूबाईंनी थर्मासवालीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "प्रकृती बरी आहे," त्यांनी निकाल दिला.

नियमाप्रमाणे काही बोलायचं नव्हतं. पण बाकावर सरकून जागा करून द्यायला नियम आड येत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती दोन उकडलेली अंडी जास्त घेऊन आली.

"घ्या ना. आमच्याकडे उरतात."

"अय्या, कशाला?" थर्मासवाली म्हणाली आणि दोन्ही खाल्ली. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत ही बघत राहिली. मग सूप सुरू झालं, मग खजूर. तिखट काही ती कधीच द्यायची नाही. तिला हे सगळं एखाद्या लांब नळीतून बाळाला भरवल्यासारखं वाटायचं.

थर्मासवालीही रिकाम्या हाताने येईना. ती संत्री आणायची, सोलून हातात द्यायची. लिफ्टचं दार पायाने अडवून धरायची. पंपाच्या खोलीतली पाठ असलेली एकच खुर्ची हिच्यासाठी राखून ठेवायची.

"झोपता ना नीट?" ती विचारायची.

"झोपते. तुम्ही?"

"मी काय, आडवी पडले की घोरते. तुम्ही झोपत जा हो. डोळे बघा कसे खोल गेलेत."

एकदा थर्मासवाली खोकली. दोनदाच खोकली, पण हिच्या हातातलं सूप हिंदकळलं.

"बरं नाही का?"

"छे, ठसका लागला."

"ताप वगैरे? घसा? गरम पाणी आणू?"

"सख्खी बहीणसुद्धा एवढं विचारत नाही मला," थर्मासवाली म्हणाली. हिने खरोखरच गरम पाणी आणून दिलं आणि ते संपेपर्यंत शेजारी उभी राहिली. सासूबाई हे सगळं बघत होत्या. घरी जाताना त्या म्हणाल्या, "माझ्या आजारपणात आठवण ठेव याची."

मग एके दिवशी दूध आलं. आधी थेंब थेंब, आणि आठवड्याभरात असं की सकाळी जाग यायची ती ओल्या कपड्यांनीच. बाळाला आता तिचंच दूध मिळू लागलं. ते प्यायचं ते एवढंसं, बाकीचं सिस्टर फ्रीजरमध्ये ठेवायची. बाटल्यांची एक रांग भरली, दुसरी सुरू झाली.

"बरंच साठलंय," सिस्टर केसातलं पेन शोधत म्हणाली. "थोडं बँकेत द्याल का? आत मुलं आहेत, ज्यांना..."

"पुढे लागेल."

"एवढं?"

"माझं परत आटलं तर?"

सिस्टरने फ्रीजरचं दार लावलं. त्याच कारणासाठी तिने थर्मासवालीची अंडीही बंद केली नाहीत. उद्याचं कुणी सांगावं.

त्या सकाळी ती आणि सासूबाई बाकावर बसल्या होत्या. हिरवं दार उघडलं आणि थर्मासवाली बाहेर आली. आज तिच्या हातात थर्मास नव्हता. तो मागून येणाऱ्या पुरुषाच्या काखेत होता, त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, आणि झाकणाच्या कडेला चहाचा वाळलेला ओघळ दिसत होता. थर्मासवालीने छातीशी एक गाठोडं धरलं होतं.

ती सरळ बाकापाशी आली.

"आज सुटका झाली आमची!"

ही उठून उभी राहिली. गाठोड्यात मुठीएवढा चेहरा होता. डोळे घट्ट मिटलेले.

"तुमची मुलगी?"

"मग कुणाची?" थर्मासवाली हसली. "त्या दाराच्या आत दुसरी खोली आहे ना बाळांची, तिथे होती. जन्मली तेव्हापासून." तिने आवाज खाली आणला. "बोलायचं नसतं, माहितीये मला. पण आज चाललेय, तर बोलूनच टाकते. मला पहिल्यापासून थेंब नाही हो. एवढा मोठा देह आणि आत ठणठणाट. हिने जे काही प्यायलं, ते सगळं तुमचं."

"माझं?"

"सिस्टरांना बोल लावू नका, त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. मीच ओळखलं. सुरुवातीला माझाही नंबर असायचा ना पंपाचा, उगाच आपला प्रयत्न. मी पडद्याबाहेर बसून ऐकायचे. बाकीच्या जायच्या आणि यायच्या. तुमचा पंप मात्र थांबायचं नाव नाही! आणि बाहेर यायचात त्या मान खाली घालून, पिशवी लपवत. मी यांना म्हटलं, हीच ती. देते आणि दाखवतही नाही."

काखेत थर्मास धरलेला पुरुष मान हलवून हसला.

"म्हणून तर संत्री," थर्मासवाली म्हणाली. "म्हटलं, आपल्याच पोरीच्या पोटात जाणार शेवटी. स्वार्थी म्हणा हवं तर."

"अहो बाई, हिला तेव्हा कुठलं..." सासूबाईंनी सुरुवात केली.

तिने सासूबाईंच्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता आणि त्याची पकड घट्ट होती. सासूबाई थांबल्या.

"घ्या ना हिला," थर्मासवाली म्हणाली. "एकदा तरी."

तिने हात पुढे केले. मुलगी तिच्या बाळापेक्षा जड होती. कपड्यांच्या घडीतून तोंड इकडे तिकडे वळलं, काहीतरी शोधत तिच्या छातीला लागलं, आणि तिला पान्हा फुटला. तो आवरायला तिला वेळच मिळाला नाही. कुडत्यावर पुढे ओला गोल उमटला आणि पसरत गेला.

थर्मासवालीने तो पाहिला. तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही.

"बघा! ओळखते ती."

सासूबाई उठल्या. त्यांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून सुनेच्या पुढून पांघरली, नीट खोचली आणि पुन्हा बसल्या. पुरुषाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"चला," तो म्हणाला. "गाडी खाली उभी आहे."

थर्मासवालीने मुलीला परत घेतलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती मुलीचा इवलासा हात धरून हलवत होती. लिफ्ट खाली गेल्यावरही ही तशीच उभी राहिली, हात अजून अर्धवट दुमडलेले.

"खोटं का बोललीस तिच्याशी?" सासूबाईंनी विचारलं.

"मी काही बोललेच नाही."

"तेच म्हणते मी." सासूबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. "आणि मग आपल्या बाळाला वाचवलं ते कुणाचं?"

हिरवं दार पुन्हा उघडलं. ती फोनवर भांडणारी बाई आत गेली. तिच्यामागून आणखी एक, बहुधा आज पहिल्यांदाच आलेली, दारावरची पाटी वाचत उभी होती.

"असेल कुणीतरी," ती सासूबाईंना म्हणाली.

ती आत गेली तेव्हा सिस्टर फ्रीजरपाशी बाटल्यांवर चिकटवलेल्या पट्ट्या तपासत होती. सिस्टरने मागे वळून शालीकडे आणि मग चेहऱ्याकडे बघितलं.

"काय झालं? बाळ ठीक आहे ना?"

"ठीक आहे. ते बाटल्यांचं... मागची रांग घ्या."

"बँकेत?"

"हो. पुढची राहू द्या." ती क्षणभर थांबली. "पुढचीही अर्धी घ्या."

"पुढे लागेल म्हणत होतात."

सिस्टरने केसातलं पेन पहिल्याच झटक्यात काढलं.

"रक्त तपासावं लागेल तुमचं. आत्ता घेते. आणि आधीच सांगून ठेवते, कुणाला गेलं हे मागाहून विचारायचं..."

"नका सांगू."

ती स्टुलावर बसली आणि बाही वर केली. सिस्टरने पट्टा आवळला, मूठ मिटायला सांगितली, शीर चाचपली. सुई आत गेली तेव्हा तिने भिंतीकडे बघितलं. सुई निघाली, कापूस दाबला गेला, तरी मूठ मिटलेलीच होती.

"सोडा आता," सिस्टर म्हणाली.

तिने एकेक बोट उघडलं.

दारात सासूबाई डबा घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

"झालं? चल, खाऊन घे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डब्यातली वरची वाटी काढून आपल्या हातात घेतली. "हे तिखट मी खाते. कुणाच्या पोटाला काय सोसेल, सांगता येत नाही."