शेजारची लेन

बाईंनी पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढला, शेजारच्या रिकाम्या लेनकडे पाहून मान हलवली आणि पाण्यात सूर मारला. तलाव उघडायला अजून अवकाश होता. दिवसभर लोकांच्या पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाई स्वतःसाठी सकाळी एकदाच पोहत, तेही जिवाच्या आकांतानं.

मध्यावर तो आवाज आलाच. चपक. डावा हात पाण्यावर आपटायची ताईची खोड होती, कितीही बोलणी खाल्ली तरी सुटली नाही. ताई जाऊन वर्षं लोटली, पण आवाज काही पाठ सोडत नव्हता.

'फेरसामना' हा ताईचा लाडका शब्द. दूध उतू गेलं, फेरसामना. आईशी वाजलं, फेरसामना. पाण्यात मात्र त्याला नियम होता: तो म्हणायचा हक्क हरणाऱ्याचा, दिवसही त्यानंच ठरवायचा, आणि जिंकणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. थोरली असून दर वेळी ताईच हरायची. शेवटच्या शर्यतीनंतर बाई तिला तोंडभर हसल्या होत्या. ती आजारी आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? दवाखान्यात तिनं डोळे मिचकावून तोच शब्द टाकला आणि दिवस न सांगताच गेली. म्हणून बाई रोज यायच्या. रोज जिंकायच्या. रिकाम्या लेनशी माणूस हरणार तरी कसा?

भिंतीला हात लावून त्यांनी डोकं वर काढलं. शेजारच्या लेनच्या टोकाशी ताईची लेक उभी होती, केस टोपीत कोंबत. कालच सुट्टीला आली होती.

"तू गं इतक्या लवकर?"

"आईचा फेरसामना राहिलाय ना, मावशी? तिच्या जागी मी."

"नसते चाळे करू नकोस."

"नाही म्हणता येत नाही. तूच सांगितलंयस."

बाई वर येऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

मध्यावर आवाज आला. चपक. पोरगी दुसऱ्या गावात, परक्याच माणसाकडून शिकलेली. आई तिला आठवतही नव्हती. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी त्यांनी हात ढिला सोडला नाही, ताईला ते खपलं नसतं.

भिंतीला पोरीचा हात आधी लागला.

बाई दोरीला धरून धापा टाकत राहिल्या. चष्मा काढला तेव्हा डोळे वाहत होते.

"मावशी, बरी आहेस ना?"

"फेरसामना," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आलाच नव्हता.

पोरगी हसली. "कधी? उद्या?"

"उद्या नको," बाई म्हणाल्या. "उद्या मी उशिरापर्यंत झोपणार आहे."