इस्तंबूलच्या चहावाल्यासाठी पनवेलचं मीठ

गुरुवार, १५ मार्च १९५६. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. तुर्कस्तानातलं इस्तंबूल शहर. एका मोठ्या मशिदीखालच्या उतारावर चहाच्या दुकानांची रांग. आभाळ ढगाळ, वारा थंड. पनवेलचे यूनुस डावरे, वय सत्तावन्न, आणि त्यांच्या पत्नी ताहिराबी, वय एक्कावन्न, रस्त्याच्या कडेला उभे आहेत. ताहिराबींच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत आमसुलं, तांदळाचे पापड आणि पुडीभर मीठ. हा वानवळा मुस्तफा नावाच्या चहावाल्यासाठी.

मुस्तफा नावाचा तो चहावाला कुठेच नव्हता.

हे मी खात्रीने सांगते, कारण त्या वेळी मी यूनुसमियांच्या खांद्यावरच्या झोळीत होते. मी एक नळी बोलतेय. पत्र्याची, वीतभर लांब, वर घट्ट टोपण. बोटीवर कामाला जाणारी आमच्या भागातली माणसं आपले दाखले गुंडाळून माझ्यासारखीच्या पोटात ठेवतात. कुठल्या बोटीवर होता, किती दिवस होता, वागणूक कशी, सगळं त्या दाखल्यांत. दाखले गेले की नोकरी गेली.

माझा जन्म १९४५ सालचा, पनवेलच्या बाजारातला. लढाईत यूनुसमियांची बोट बुडाली तेव्हा माझ्या आधीची नळी तिच्याबरोबर तळाला गेली. यूनुसमिया मात्र पोहून वाचले आणि घरी आल्यावर पहिल्यांदा भगवान पत्रेवाल्याकडे गेले. भगवानने रॉकेलचा रिकामा डबा कापला, ठोकून गोल केला, सांधा डाग देऊन बंद केला. म्हणाला, "मियाभाय, आता बोट बुडाली तरी हिच्यात पानी जायाचा नाय. तुमच्या नाकात गेला तर माझा इलाज नाय." भगवानचा शब्द खरा ठरला. अठरा वर्षं झाली, आत थेंब गेला नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही.

यूनुसमिया बोटीवर आगवाले होते. म्हणजे खाली इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. चार तास भट्टीसमोर, मग आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. १९४६ ते १९५३ या काळात त्यांची बोट इस्तंबूलला सात वेळा लागली. मुक्काम एकूण एकतीस दिवस. ही तारीखवार माहिती आहे, ऐकीव गप्पा नाहीत. कागद माझ्या पोटात आहेत, ज्याला शंका असेल त्याने टोपण काढून पाहावं.

त्या एकतीस दिवसांत बोटीवरचे साहेब रोज संध्याकाळी बूट चमकवून खाली उतरत. आगवाल्यांना उतरायची परवानगी एकदाही मिळाली नाही. का, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. काम संपलं की यूनुसमिया काळ्या तोंडाने वर येत, कठड्याला टेकून दूरचे घुमट आणि मनोरे बघत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग खालून हाक येई.

पहिल्या खेपेनंतर ते रजेवर पनवेलला आले तेव्हा ताहिराबींनी विचारलं, "ते शहर कसं हाय हो?"

या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर "मला उतरू दिलं नाय" असं म्हणावं लागलं असतं. पाच माणसांचं काम एकटा ओढणारा माणूस बायकोसमोर हे कसं म्हणेल? यूनुसमियांनी शहर सांगायला सुरुवात केली. पाहिलेलं नव्हतं म्हणून पनवेलचंच घेतलं आणि मोठं केलं. मशिदीसमोर वडाळे तळ्याच्या दुप्पट तळं बांधलं. आपल्या बाजाराच्या गल्लीवर छप्पर घातलं. आणि मशिदीखाली एक मुस्तफा बसवला, जो त्यांना रोज चहा पाजायचा आणि हिंदुस्थानातला पाहुणा म्हणून पैसे घ्यायचा नाही.

दर रजेला मुस्तफा वाढत गेला. त्याला पांढरी दाढी आली, एक लंगडी मांजर आली. शेजारणी येऊन बसत. उरणच्या बाजूने मीठ विकायला येणारी सोनाबाई टोपली उतरवून ऐकत बसे आणि उठताना म्हणे, "तुमचा तो च्यावाला लय गुनाचा हाय हां."

यूनुसमियांची चूक इथे झाली. परक्या देशातला माणूस असा उभा केला खरा, पण आपण कुठे राहतो ते विसरले. आमच्याकडे आपल्या माणसाच्या तोंडात कुणी घास घातला तर त्याच्या घरी वानवळा गेल्याशिवाय बाईला चैन पडत नाही.

१९५४ मध्ये यूनुसमिया कायमचे घरी आले. दीड वर्षाने ताहिराबींनी आपटा गावातली, पाताळगंगेच्या काठची माहेरकडून आलेली वाडी विकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, इस्तंबूल बघायला जाऊ. मोहल्ल्यात बोलणी झाली. या वयात हजला जायचं सोडून शहर बघायला कोण जातं, असं मुबारक म्हणाला. तो यूनुसमियांचा चुलत भाऊ, त्याच्या जिभेला कधी सुट्टी नसे. ताहिराबी त्याला म्हणाल्या, "हजचं बोलावणं अल्लाकडून येतं. हे बोलावणं माझं हाय. तू आपली बकरी सांभाळ."

यूनुसमियांनी खूप कारणं काढली. थंडी असेल, रस्ता लांब आहे, गुडघा दुखतो. ताहिराबींनी गुडघ्याला तेल लावलं आणि पिशवी भरायला घेतली. निघायच्या दिवशी सोनाबाईने मिठाची पुडी हातावर ठेवली. "यवढं त्या च्यावाल्याला द्या. आमच्या मान्साला च्या पाजलाय त्यानं, आमच्याकडं त्याला द्यायला मीठबी नाय का?"

यूनुसमियांनी मान खाली घातली. मी झोळीत होते. त्यांचा हात माझ्यावर आला आणि घट्ट झाला.

मुंबईहून बसऱ्यापर्यंत बोट. डेकवर चादर अंथरून दोघं बसले. खालच्या भट्टीचा आवाज आला की यूनुसमिया दचकून उठत आणि मग आठवून पुन्हा बसत. बसऱ्याहून बगदाद, बगदादहून तीन दिवस आगगाडी. शेवटचं स्टेशन खाडीच्या अलीकडच्या काठाला. शहर पलीकडे. मधे पाणी, त्यावर छोटी बोट.

बोटीतून ते घुमट दिसले. तेच घुमट, तसेच, पाण्यावरूनच. बोट धक्क्याला लागली, फळी टाकली गेली, माणसं उतरू लागली. यूनुसमिया फळीपाशी थांबले. मागचे लोक ढकलत होते, कुणी तुर्की भाषेत काही बोललं, तरी ते हलेनात. ते कुणाची तरी परवानगी मिळायची वाट बघत होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हातात तिकीट, खिशात सरकारी पासपोर्ट.

ताहिराबींनी त्यांचा हात धरला. "चला की."

आणि ते उतरले. मी पत्र्याची आहे, मला रडता येत नाही. येत असतं तर भगवानचा सांधा त्या दिवशी सुटला असता.

पुढचे तीन दिवस दोघं फिरले. सुलतानांचा महाल पाहिला. तिथलं स्वयंपाकघर पाहून ताहिराबी म्हणाल्या, एवढी भांडी घासणाऱ्या बायांचं नाव कुठं लिहिलंय का विचारा. जुन्या घुमटाच्या इमारतीत नमाज पढायला गेल्या तर दारात तिकीट. पूर्वीच्या त्या मशिदीचं संग्रहालय झालंय, आता तिथे फक्त बघायचं, असं कळलं. त्यांनी तिकीट काढलं, आत मान वर करून इतका वेळ उभ्या राहिल्या की रखवालदाराने खुर्ची आणून दिली. छपराचा बाजार मात्र खरोखर होता. यूनुसमियांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी पनवेलच्या गल्लीवर घातलेलं छप्पर इथे कुणीतरी आधीच बांधून ठेवलं होतं.

"तळं कुठं हाय?" ताहिराबींनी मशिदीसमोर विचारलं.

"बुजवलं असेल," यूनुसमिया म्हणाले.

"एवढं मोठं?"

"हल्ली सगळीकडेच बुजवतात."

ताहिराबी पुढे चालताना पदराआड हसल्या. मी पाहिलं.

चौथा दिवस, गुरुवार. ताहिराबी पिशवी घेऊनच खाली आल्या आणि म्हणाल्या, आज मुस्तफाकडे जाऊ. आता आपण पुन्हा सुरुवातीच्या जागी आलो. दहा वाजून दहा मिनिटं.

यूनुसमियांनी रांगेवरून नजर फिरवली. एका दुकानात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा पितळी भांड्यातून चहा ओतत होता. त्यांनी घाईने तिकडे बोट केलं. ताहिराबी सरळ जाऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, सलाम केला, पिशवी त्याच्या हातात दिली आणि आमच्या भाषेत म्हणाल्या की माझ्या माणसाला इतकी वर्षं चहा पाजलात, तुमचं घर भरलेलं राहो.

म्हाताऱ्याला सलाम कळला, बाकी काहीच कळलं नाही. त्याने पिशवी उघडली. आमसूल हुंगून पाहिलं. पापड उजेडाकडे धरला. मिठाची पुडी सोडली, बोट लावून चव घेतली, आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने छातीवर हात ठेवला. दोन खुर्च्या ओढल्या. चिमुकल्या काचेच्या पेल्यांत चहा आणला. 'चाय' हा एक शब्द दोन्हीकडे सारखाच निघाला, त्यावर तिघंही हसले.

"दूध नाय यात," ताहिराबी हळूच म्हणाल्या. "तुमी कदी सांगितलं नाय ते."

मग त्यांनी छातीवर बोट ठेवून "ताहिरा" म्हटलं, नवऱ्याकडे दाखवून "यूनुस" म्हटलं आणि म्हाताऱ्याकडे हात केला. म्हाताऱ्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हालित."

यूनुसमियांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "ताहिरा, मुस्तफा कुणी नाय. मी या शहरात कदी उतरलोच नाय. सगळं खोटं सांगितलं तुला. तुझी वाडी गेली माझ्या खोट्यापायी."

ताहिराबींनी चहाचा घोट घेतला.

"मला ठावं हाय. सहा वर्षं झाली."

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मीही होते. १९५० चा पावसाळा, यूनुसमिया रजेवर, नमाजला गेलेले. दमट हवेत दाखल्यांना बुरशी येईल म्हणून ताहिराबींनी मला रिकामं केलं आणि कागद चुलीजवळ पसरले. त्यात एक कागद वेगळा होता. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. कन्याशाळेतल्या शांतीबाई घरावरून चालल्या होत्या, त्यांनी वाचून दाखवला. तो अर्ज होता. चौदा आगवाल्यांचे अंगठे. बोटीवरच्या गोव्याच्या बटलरने लिहून दिलेला. आम्ही या बंदरात चार वेळा आलो, एकदाही जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, फक्त एक तास उतरू द्यावं, एवढीच विनंती. ताहिराबींनी तो ऐकला, कागद सुकवले, जसे होते तसे माझ्यात भरले आणि कुणाजवळ अक्षर काढलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, मुस्तफाच्या मांजरीचा पाय बरा झाला का.

"मग वाडी का विकलीस?" यूनुसमियांनी विचारलं.

"मला शहर बघायचं नव्हतं. तुमाला उतरलेलं बघायचं होतं."

"आन् हा वानवळा? मुस्तफा नाय हे ठावं असून?"

"एवढ्या मोठ्या शहरात तुमाला चहा पाजणारा कुणीतरी असंलच की. म्हणून आणला."

निघताना यूनुसमियांनी पैसे पुढे केले. हालितने ते दोन्ही हातांनी मागे सारले. अशा रीतीने दहा वर्षांची थाप त्या सकाळी अकराच्या सुमाराला खरी झाली. त्या म्हाताऱ्याचा पत्ता माझ्याजवळ नाही, नाहीतर त्याला दर वर्षी मीठ पाठवा, असं मी घरच्यांना सांगितलं असतं.

आता १९६३ साल चालू आहे. मी पनवेलच्या घरात खुंटीला टांगलेली असते. माझ्या टोपणावर गंज चढलाय, पण सांधा शाबूत आहे. शेजारच्या फडताळात हालितने दिलेला एक काचेचा पेला आहे. यूनुसमियांना आता कमी दिसतं, पण सोनाबाई आली की ते इस्तंबूल सांगतात, आणि आता त्यात तळं नसतं. ताहिराबी मधेच म्हणतात, "बुजवलं," आणि दोघं हसत बसतात. मला कुणी टाकलं नाही, भंगारात दिलं नाही. माझ्या जातीच्या फार थोड्यांना असं म्हातारपण मिळतं. भगवानची, ताहिराबींची, शांतीबाईंची, त्या परक्या म्हाताऱ्याची मी ऋणी आहे.

पण माझ्या पोटात तो अर्ज अजून आहे, आणि तो असेपर्यंत मी नुसतं आभार मानून गप्प बसणार नाही. ही साहेबांनी शिक्का मारून परत दिलेली प्रत, उजव्या कोपऱ्यात तो निळा शिक्का आहे. अर्ज मिळाला, २१ नोव्हेंबर १९४९. खाली कुणा साहेबाची सही, वळणदार, वाचता न येणारी. चौदा अंगठ्यांपैकी नऊ माणसं आज जिवंत आहेत. त्यांतल्या एकालाही उत्तर आलेलं नाही.