ठेंगूचं स्टिअरिंग

“अगं, वर ओढ! नुसती ठाण मांडून बसू नकोस,” हे म्हणाले.

“ओढतेच आहे. तुम्ही घाव नीट घाला.”

मी ठेंगूच्या सीटवर बसून स्टिअरिंग दोन्ही हातांनी वर खेचत होते आणि हे समोरून दांड्याच्या टोकावर हातोडी मारत होते. ठेंगू म्हणजे यांचा बागेतला ट्रॅक्टर, उभ्या माणसाच्या जेमतेम कमरेला लागेल एवढा. हॉस्पिटलच्या बागेत माळी म्हणून यांनी उमेदीची सगळी वर्षं त्याच्यावर बसून गवत कापलं. नवं यंत्र आलं तसं हॉस्पिटलने ठेंगूला भंगारात काढलं आणि यांनी त्याला घरी आणलं, अर्थात मला न विचारता. इतकी वर्षं परसात ताडपत्रीखाली पडलेल्या त्या धुडाला पुन्हा नवं करायचा घाट यांनी आता घातला होता.

इंजिन उघडून झालं, धुऊन झालं, जोडून झालं. स्टिअरिंग मात्र दाद देईना. ते निघाल्याशिवाय खालचा पत्रा निघत नव्हता, आणि पत्रा काढल्याशिवाय रंग द्यायचा नाही हा यांचा हट्ट. वरचा नट सुटला होता. तेल ओतून झालं, चाक ओढून काढायचा पुलर लावून झाला, शिव्याही देऊन झाल्या.

ते का निघत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. स्टिअरिंगचं चाक दांड्याला अडकवून ठेवणारी आतली लोखंडी चावी झिजली आणि चाक यांच्या हातात नुसतंच गरगर फिरलं. ठेंगू थेट मेट्रनबाईंच्या गुलाबांत घुसला. बाईंनी यांची अशी काही खरडपट्टी काढली की त्याच संध्याकाळी यांनी चाकाच्या मानेतून दांड्यात आरपार भोक पाडलं, आत निमुळती पिन ठोकली, दोन्ही टोकं कानशीने घासून सपाट केली आणि वरून काळा रंग फासला. मी शेजारी टॉर्च धरून उभी होते. “आता मी मेलो तरी हे निघायचं नाही,” असं म्हणून हे केवढे खूश झाले होते!

आणि आता ती पिन हे साफ विसरले होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, विसरणं वाढत जाणार, सारख्या चुका दाखवू नका. तरी मागे एकदा हे सकाळी तयार होऊन डबा मागायला आले, तेव्हा मी बोलून गेले, “अहो, रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला!” त्या दिवशी हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवले नाहीत. तेव्हापासून मी जीभ आवरायला शिकले. माझ्यासारखीला ते किती जड जातं हे लेकीला विचारा.

लेक फोनवर म्हणायची, “आई, सांगून टाक ना पिनचं. उगाच दोघं जीव काढताय.”

मी सांगत नव्हते, कारण मला ती पिन यांची यांना सापडायला हवी होती. ती बघून यांनी “अरे, ही तर मीच घातली होती” एवढंच म्हणावं. तेवढं म्हणाले असते तर माझा माणूस अजून घरात आहे, असं मी समजले असते. मला दुसरं काही नको होतं.

एवढ्यात शेजारच्या गाळ्यातला वेल्डर ग्राइंडर घेऊनच आला. रोजची ठोकठोक ऐकून तो कंटाळला असणार.

“काकू, कशाला हाल करून घेताय? कापून टाकतो. याच मापाचं दुसरं चाक आणून देईन.”

पूर्वी ठेंगूला कोणी नुसतं बोट लावलं तरी हे अंगावर धावून जायचे. आता हातोडी खाली ठेवून म्हणाले, “काप मग. मी तर हात टेकले.”

मी चाकावर आडवा हात धरला.

“थांब रे,” मी वेल्डरला म्हटलं. “आधी रंग खरवडू. कुठे काय आहे ते दिसू तरी दे.” आणि पॉलिश पेपरचा तुकडा यांच्या हातात कोंबला.

“काकू मिस्त्री झाल्या वाटतं!” वेल्डर हसला.

हे चाकाच्या मानेवर घासू लागले. काळा रंग गेला आणि मसुराच्या दाण्याएवढा एक गोल चकाकला. यांचा हात थांबला. अंगठा त्या गोलावरून फिरला. मग दुसरी बाजू घासली. तिथेही गोल निघाला, किंचित मोठा.

“निमुळती पिन आहे,” हे म्हणाले. “बारीक तोंडाकडून मारायची. तू पलीकडून आधार दे रे. तिथे नाही, जरा खाली!”

कितीतरी दिवसांनी यांचा तो हुकमी आवाज ऐकला. पेटीत न बघताच यांनी पिन ठोकून काढायचा नेमका पंच उचलला. दोन-तीन घाव बसले आणि पिन टणकन उडून गवतात पडली. स्टिअरिंग माझ्या हातात इतकं अलगद आलं की मी सीटवरून मागे कोलमडता कोलमडता वाचले.

“आयला! काका, मानलं तुम्हाला,” वेल्डर म्हणाला.

मी यांच्या तोंडाकडे बघत होते. यांनी पिन शोधून काढली, लेंग्याला पुसली आणि उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली.

“अगं, हे बघ. टोकं कशी घासलीत! बोट फिरवलं तरी कळू नये. कोणी घातली असेल गं ही?”

मला रडूच येणार होतं. वेल्डर आमच्याकडे बघत होता. मी स्टिअरिंग मांडीवर घट्ट धरलं.

“होता एक जण,” मी म्हटलं. “तुमच्या हॉस्पिटलातलाच.”

“हात चांगला होता त्याचा.”

“हो. फार चांगला होता.”

“भेटतो का अजून?”

“भेटतो अधूनमधून.”

यांनी मान डोलावली. पिन सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

“चाक बसवताना हीच घालू,” हे म्हणाले. “आणि तो आला की मला सांग. त्याला म्हणावं, काम झकास केलं होतंस.”

“सांगेन,” मी म्हटलं.