उलट्या पुंगळ्या

व्हर्लिनची एक शिस्त होती. काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून, बुडाशी नवी ठिणगीची टिकली बसवून तो त्या लाकडी ठोकळ्याच्या खळग्यांत उलट्या ठेवी. बंदुकीची दारू भरली की ती पुंगळी सुलटी. उलटी म्हणजे रिकामी, सुलटी म्हणजे भरलेली. केंटकीच्या त्या डोंगराळ गावात विकतची काडतुसं आणणाऱ्याला तो पाहुणाच समजे. लेक लेनोरा तर बाबांनी भरलेल्या काडतुसांशिवाय रिव्हॉल्व्हरला हात लावत नसे.

शनिवारी सकाळी लेनोरा स्पर्धेला निघून गेली आणि फर्न न्याहारीच्या पावासारख्या मऊ बिस्किटांवर रस्सा वाढता वाढता नवऱ्याला म्हणाली, "काल तू शेजाऱ्याची गाय हाकायला गेलास ना, तेव्हा तुझी शेड झाडली मी. काय तो पसारा! अर्ध्या पुंगळ्या डोक्यावर उभ्या. सगळ्या सुलट्या करून ठेवल्या, चर्चमधल्या गायकांसारख्या ओळीत."

व्हर्लिनच्या हातातला काटा खाली पडला, रस्सा शर्टावर सांडला.

"काय झालं?"

"अगं, उलट्या होत्या त्या रिकाम्या होत्या!"

गाय हाकून आल्यावर त्याने सगळ्या सुलट्या बघितल्या आणि वर गोळ्या दाबून तो मोकळा झाला होता. तीच काडतुसं घेऊन लेनोरा गेली होती. एकेका पुंगळीत बॅटरी मारून दारू बघायची, हे त्याने गावातल्या कितीजणांना शिकवलं होतं! काल मात्र भूक लागली होती.

दारू नसली की टिकलीच्या जोरावर गोळी जेमतेम नळीत शिरते आणि तिथेच अडकते. मागून दुसरी आली की नळी फुटते, आणि ती असते हाताच्या पुढ्यातच.

त्याने लेनोराला फोन लावला, पण तो तिच्या गाडीतच वाजत राहिला. व्हर्लिनने ट्रक काढला. रविवारी पाद्रीबाबा प्रवचन सांगता सांगता गायला लागतात, त्या चालीवर त्याच्या तोंडून एवढंच निघत होतं, "धाव रे प्रभू, माझ्याआधी पोच."

चांदमारीच्या मैदानावर फेरी चालू होती. लेनोरा लक्ष्यासमोर उभी. ठो. ठो. व्हर्लिन कुंपणापासून ओरडत पळत सुटला, पण सगळ्यांच्याच कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या.

मग नुसतंच फट्. बाटलीचं बूच उडावं तसं.

व्हर्लिन होता तिथेच गवतात बसला. पुढच्या आवाजाची वाट बघत त्याने डोळे मिटले.

आवाज आला नाही.

"मार की! वेळ पळतोय!" मागून कुणीतरी खेकसला.

"तूच मार," लेनोरा म्हणाली. नळीचं तोंड मातीच्या बांधाकडे ठेवूनच तिने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि हात वर केला. "हिसका बसलाच नाही. नळी बघितल्याशिवाय मी चाप ओढणार नाही."

पंच बक म्हातारा. त्याने पितळी सळई नळीत घातली. ती अर्ध्यातच अडली. हलके ठोकल्यावर शिशाची गोळी टेबलावर घरंगळली. मघाच्या खेकसणाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

तेवढ्यात लेनोराला गवतात बसलेला बाप दिसला. "बाबा? तुम्ही इथे? आणि पायात चपला काय घरातल्या?"

"हात दाखव."

"बाबा, माझा नंबर गेला!"

"जाऊ दे गं खड्ड्यात. हात दाखव आधी."

ती जन्मली तेव्हा केलं होतं तसं त्याने एकेक बोट चाचपून बघितलं. हसू आणि रडू एकदमच आलं त्याला.

"सगळी आहेत," ती म्हणाली. "फट् वाजलं की थांबायचं, असं म्हणून तुम्हीच सारखं डोकं खायचात ना माझं?"

"पण पुंगळीत डोकावायचं मी विसरलो, लेनोरा. आईने सुलट्या केल्या, पण बघणं माझं काम होतं."

"मग आता सगळी काडतुसं उघडायची आणि प्रत्येक पुंगळी बघायची. मी बघणार, तुम्ही बॅटरी धरायची."

"धरतो की."

"आणि आधी खाऊ. तुमचा शर्ट सगळा रश्शाने माखलाय."

व्हर्लिनने शर्टाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तिचा हात धरूनच उठला.