चादरीचं दुसरं टोक

निळी चादर. चार कोपरे, दोन माणसं.

इस्त्री टेकवायला आमच्या घरात बाबांनी कामावरून आणलेला एक राखाडी चौकोनी तुकडा होता. तापायचा नाही, जळायचा नाही. आई म्हणायची, हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.

प्लास्टिकने मढवलेलं दार, त्याला तंबूसारखी चेन.

"खोकला कधीपासून आहे?"

गिऱ्हाइकं बाबांना लख्ख मिस्त्री म्हणायची.

पाण्याचा फवारा मारायची बाटली गॅलरीतल्या दोरीला अडकवलेली. अजून तिथेच आहे.

*

जुन्या घरांची छतं उतरवून नवी बसवणं हे बाबांचं काम. वरचे राखाडी बोर्ड हातोडीने सैल करायचे, करवतीने कापायचे, खाली घ्यायचे. पिठाच्या गिरणीत उभं राहावं तशी धूळ उडायची. बाकीचे मिस्त्री एक झाडू फिरवून निघून जायचे आणि घरची बाई आठवडाभर फडकं हातात घेऊन त्यांच्या नावाने बोटं मोडत बसायची. बाबांचं तसं नव्हतं. ते आमच्याच घरच्या चादरी घेऊन जायचे. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर, कपाटावर, जमिनीवर अंथरायचे. संध्याकाळी कोपरे आत दुमडून सगळी धूळ गाठोड्यात बांधायचे आणि घरी आणायचे. दुसऱ्याच्या घरात चिमूटभर जरी राहिली तरी त्यांना ती स्वतःची बेअब्रू वाटायची.

गाठोडं आमच्या मागच्या अंगणात सुटायचं. धूळ कोपऱ्यातल्या खड्ड्यात, मग चादर झटकायची. एक टोक बाबांकडे, दुसरं ताईकडे.

"ठमे, जोर लाव जरा. जेवलीस ना?"

"तुम्हीच ढिली धरलीय."

झटका. पांढरा ढग. पुन्हा झटका. मग घडी. दोघं एकमेकांकडे चालत यायची, कोपऱ्याला कोपरा लागायचा, आणि मध्ये भेट झाली की बाबा तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांवर फुंकर मारायचे.

"म्हातारी झालीस की गं."

ती हसून हसून खाली बसायची. मी खिडकीच्या काचेला नाक लावून आतून बघायचो. मला तिचा हेवा वाटायचा.

*

"खाणीत काम केलंय कधी?"

"नाही. भूगोल शिकवते शाळेत."

"कारखान्यात?"

"नाही."

"घरात कुणी? जुनी छतं, पाइप, बॉयलर, असं काही?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या पेपरवेटकडे.

डॉक्टर सावकाश बोलत होते. अ‍ॅस्बेस्टॉस. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत जातात, फुफ्फुसाच्या आवरणात रुतून बसतात आणि कित्येक वर्षांनी, माणूस सगळं विसरल्यावर, डोकं वर काढतात.

"वडिलांची तब्येत?"

"ठणठणीत. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात."

"होतं असं. एकाला गाठतं, एकाला सोडतं."

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "बाबांना कळता कामा नये."

"कॅन्सर लपवणार कसा?"

"कॅन्सर कळू दे रे. कुठून आला ते नको." मग खोकून झाल्यावर, "तेवढं एकच सांभाळ. बाकी मी बघते."



*

अडचण अशी की ताई आणि भाऊजींनी त्याच्या थोडं आधीच एक जुनं घर घेतलं होतं. खालून वरपर्यंत डागडुजीला आलेलं. बाबा बघायला आले ते हातोडी घेऊनच. स्टुलावर चढले, छतावर बोटांनी टकटक केलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले.

"हे बोर्ड मला पाठ आहेत. जावईबापू, उद्या खाली घेतो. धूळ शेजारच्यांना कळणार नाही."

"नाही," ताई म्हणाली.

"का गं?"

"परवाना असलेली माणसं येणार आहेत. नियम आहे."

"नियम कसला. मी काय आज आलोय या धंद्यात?"

तेव्हा तिने माझ्यासमोर त्यांना तोडलं. "बाबा, वय झालंय तुमचं. वरून पडलात तर कुणी बघायचं? मला जमणार नाही आता."

बाबा स्टुलावरून उतरले. हातोडी पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद बराच वेळ बांधत राहिले. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. संध्याकाळी ताई मला फोनवर म्हणाली, "बरं झालं. रागावू दे. राग परवडला."

*

तरी ते गेलेच. काम सुरू झालं त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मलाही ओढून नेलं. "बघू तरी, हे परवानावाले किती लख्ख करतात."

दाराला प्लास्टिक, प्लास्टिकला चेन. आतली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, तोंडाला डबे लावावेत तसे मास्क. बाबांना हसू आवरेना. "चंद्रावर निघालेत काय? आम्ही हे बनियनवर केलं." मग ते पुढे वाकून खिडकीवरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आत बघू लागले. आतली माणसं आधी छतावर पाणी फवारत होती, मग एकेक बोर्ड न तोडता, आजारी माणसाला खाली उतरवावं तसा उतरवत होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांची मुकादम बाई कट्ट्यावर येऊन बसली. बाबांनी डबा पुढे केला.

"पाणी कशाला मारता हो?"

"धूळ उडू नये म्हणून, काका. या धुळीने माणसं जातात."

"काम करणारी?"

"ती तर जातातच. घरचीही जातात. कपड्यांवरून घरी जायची ना."

मी म्हणालो, "बाबा, निघू या, ऊन लागतंय."

ते हलले नाहीत.

"आणि चादर असली तर? धुळीची? झटकली तर?"

"झटकायची नाहीच, काका. त्याच्याहून वाईट काही नाही."

पाणी पिऊन तिने मास्क चढवला आणि ती आत गेली. बाबांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं होतं, तरी काढून पुन्हा लावलं. पुन्हा काढलं. मी त्यांचा हात धरला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणून नको म्हणाली होय."

मी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला.

"तिला सांगू नकोस, मला कळलं म्हणून."

*

तोपर्यंत ताईने पलंग धरला होता. बाबा तिच्या आधीच्या घरीच राहायला आले होते. रोज तिची चादर बदलायचे, जुनी गॅलरीत नेऊन सटासट झटकायचे.

कट्ट्यावरून परत आल्यावर त्यांनी कपाटातून फवारणीची बाटली काढली. चादरीवर पाणी मारलं. मग ती झटकली नाही. कडेकडेने, आतल्या आत, गुंडाळत नेली.

ताई उशीवरून बघत होती.

"ओली कशाला केलीत, बाबा?"

"इस्त्री चांगली बसते."

तिने डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. मग डोळे उघडून म्हणाली, "धुतलेली आणा. घडी घालू."

बाबांनी दोरीवरची आणली. ती बसू शकत नव्हती, पडल्या पडल्याच तिने दोन कोपरे धरले. बाबा पलंगाच्या पायथ्याशी.

"ढिली धरलीय तुम्ही," ती म्हणाली. मधेच श्वास घेऊन.

"हो गं. चुकलं माझं."

"एवढ्याशा चादरीचं काय चुकायचंय."

बाबा कोपरे घेऊन चालत आले. तिच्या हाताला हात लागला. चादर त्यांनी घेतली नाही, हातही सोडला नाही. तिचे केस औषधांनी गेले होते, तिथे टाळूवर त्यांनी हळूच फुंकर मारली.

मी बाहेर गॅलरीत गेलो. पावसाळा सुरू व्हायच्या आत ती गेली. नव्या घरात राहायला ती गेलीच नाही.

*

लहानपणी मला धुळीने शिंका यायच्या, म्हणून चादरीचं दुसरं टोक ताईकडे गेलं होतं.