दोघांचे दप्तर

होय मित्रांनो, मी एक जुने दप्तर आहे आणि जुने म्हणवून घ्यायची मला मुळीच लाज वाटत नाही. माझा निळा रंग उडाला आहे, एक चेन अडकून बसली आहे आणि खांद्याच्या पट्ट्यावर भलत्याच रंगाचा दोरा आहे. सध्या माझा मुक्काम लंडनजवळच्या हॅरोमध्ये, एका फ्लॅटच्या दारामागच्या खुंटीवर आहे. माझा जन्म मात्र गाझाचा. तिथल्या बाजारातल्या एका शिंप्याने मला जाड कापडातून शिवले आणि हनान नावाच्या आईने मला आपल्या दोन मुलांसाठी घेतले.

दोन मुलांना एकच दप्तर कसे, असे तुम्ही विचाराल. आमच्याकडे मुले फार आणि शाळा थोड्या. म्हणून एकाच इमारतीत सकाळी मुलगे आणि दुपारी मुली शिकत. याझन सकाळी मला घेऊन जाई आणि दुपारी फलाफलच्या, म्हणजे तळलेल्या हरभऱ्याच्या वड्यांच्या, गाडीपाशी त्याची धाकटी बहीण रीम उभी असे. तो आपली पुस्तके काढून काखोटीला मारी, ती आपली भरी आणि मी पुन्हा त्याच शाळेत जाई. याझन संत्र्याची साले माझ्यातच विसरे. मग रीम रस्त्यातच त्याच्याशी भांडे. इतर दप्तरे दुपारी आराम करत आणि मी एकटेच डबल ड्युटी करी, पण खरे सांगते, तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. शाळेच्या अंगणात तुतीचे झाड होते. त्याच्या फळांचे जांभळे डाग अजून माझ्या तळाशी आहेत. मला धुवायला काढले की ते जाऊ नयेत, असे मला वाटत राहते.

मग युद्ध आले. शाळेच्या वर्गांत माणसे राहायला आली आणि काही दिवसांनी ती इमारतही राहिली नाही. आम्ही घर सोडले, मग दुसऱ्यांचे घर सोडले, मग तंबूत आलो. माझ्यात कागदपत्रे, औषधे, कधी पीठ असे, पण पुस्तकांना याझनने तळाशी जागा ठेवली होती. युद्ध संपले की अभ्यास मागे पडायला नको, असे तो म्हणे. रीमच्या पायाला जखम झाली आणि ती तंबूत पडून राहिली.

त्या हिवाळ्यात एकदा पीठ मिळाले, पण जाळायला काही मिळेना. लाकूड नाही, पुठ्ठा नाही. आईने पीठ मळून ठेवले आणि ती नुसती बसून राहिली. याझन माझ्याजवळ आला. त्याने आधी आपली पुस्तके काढली. ती पुरली नाहीत, तेव्हा रीमचीही काढली. चुलीत एकेक पान घालताना त्याने कुणाकडे पाहिले नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण रिकामे झाले.

पुढे रीमला उपचारांसाठी इंग्लंडला आणले. सोबत फक्त आईला येता आले. बाबा आणि याझन मागे राहिले. निघताना याझनने मला रीमच्या खांद्यावर अडकवले आणि तो म्हणाला, की आता हे तुझेच. रीमने मात्र मला कधी एकटीचे मानले नाही.

पाय बरा झाल्यावर ती हॅरोच्या शाळेत जाऊ लागली. पहिल्याच दिवशी गंमत झाली. दुपारी जेवणाची घंटा झाली, तशी ही पोरगी आपली सगळी पुस्तके बाकावर रचून, मला रिकामे करून फाटकाशी जाऊन उभी राहिली. शाळेत एकच धावपळ! अखेर गणिताच्या श्यामला मिस तिला शोधत आल्या. रीमने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, की आता भावाची पाळी, दप्तर त्याला द्यायचे आहे. बोलता बोलताच तिला कळले, की इथे कुणी येणार नाही. श्यामला मिस स्वतः नागपूरच्या दुपारच्या शाळेत शिकलेल्या. त्यांनी तिला हाक मारून आत नेले नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्या तिच्याबरोबर फाटकाशीच उभ्या राहिल्या.

मला मराठी कशी येते, याचे गुपितही त्यांच्याच घरी आहे. माझा पट्टा तुटला, तेव्हा शिवायला म्हणून मिस मला घरी घेऊन गेल्या. त्यांच्या आईने, लीलावतीबाईंनी, मला उलटेपालटे करून पाहिले.

"अगं, हे दप्तर आहे की चाळण? त्यापेक्षा नवं घेऊन दे तिला."

"आई, न्यू बॅग तिला स्कूलने ऑलरेडी दिलीय गं. तिला हीच हवीय. ब्रदर आला की शेअर करणार म्हणते."

लीलावतीबाईंनी सुई ओवली. त्यांनी घरात होता त्या लाल दोऱ्याने माझा पट्टा दुहेरी शिवला. त्यांची शिलाई सावकाश, आणि तोंड मात्र अखंड चालू. आठवडाभर तिथे राहून भाषा आली नाही तरच नवल!

आणि मित्रांनो, बऱ्याच काळाने बाबांबरोबर याझन आला! उंच झाला होता, आवाज फुटला होता. आता पुन्हा दोघांची शाळा, असे मला वाटले. पण तो मला हात लावीना. शाळेत नाव घातले, गणवेश आला, तरी तो जायला तयार होईना. कारणही सांगेना. बाबा समजावून थकले. फार वर्षे वाया गेली की मुलगा शिक्षणातून कायमचा सुटतो, ही भीती आईला आतून खात होती.

शेवटी श्यामला मिस नवे गणिताचे पुस्तक घेऊन घरी आल्या. खोली लहान. मी जमिनीवर होते आणि माझ्यातून रीमचे पुस्तक अर्धे बाहेर आले होते. त्याला मिसचा पाय लागला. त्यांनी चटकन वाकून पुस्तकाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. गाझात रोटीचा तुकडा खाली पडला, तर तो उचलून असाच कपाळाला लावतात. याझन बघतच राहिला. हे काय केले, असे त्याने रीमकरवी विचारले. मिसनी हसून सांगितले, की पुस्तकाला पाय लागला तर आमच्याकडे माफी मागतात.

"नुसता पाय लागला तरी?" याझनने विचारले.

त्याने नवे पुस्तक परत केले. मग खाली मान घालून म्हणाला, "मी तर जाळली आहेत. माझी जाळली आणि हिचीही. मला पुस्तक देऊ नका."

मिसचा चेहरा उतरला. आई काही बोलणार, तोच रीम त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तू जाळलीस आणि मी खाल्ली," ती म्हणाली. "रोटी गरम होती. मी तुझ्याकडे आणखी मागितली होती, आणि तू तुझी दिलीस. तू शाळेत जाणार नाहीस, तर मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

याझन रडला. घरातल्या कुणीही त्याला थांबवले नाही.

बऱ्याच वेळाने मिसनी त्याला एकच गोष्ट विचारली. गणितात तो कुठपर्यंत आला होता? तो विचार करून म्हणाला, की अपूर्णांकांची बेरीज झाली होती, गुणाकार राहिला. मिस जमिनीवरच बसल्या आणि त्यांनी ते पान उघडले. याझनने पेन्सिल घेतली. पहिलेच उत्तर चुकले. रीमने ते खोडले, त्याने तिचा हात ढकलला आणि दोघांची अशी जुंपली, की स्वयंपाकघरात गेलेली आई नळ बंद करून ते भांडण ऐकत उभी राहिली.

मित्रांनो, पुस्तके जपा, दप्तर फेकू नका, हे तुम्हाला मोठी माणसे सांगतातच. मी म्हाताऱ्याने वेगळे काय सांगावे? एवढेच मागते. तुमच्या वर्गात दूरवरून कुणी आले आणि पुस्तक उघडायला कचरू लागले, तर त्याचे किती वाया गेले, हे मोजू नका. तो कुठपर्यंत आला होता ते विचारा, आणि तिथून पुढे त्याच्या शेजारी बसा.