कुडावरचा कुंकवाचा डाग

"बाई, कुडाले भोक पडलं जी. लिपून टाकू का?" धुरपताबाईनं दोनदा विचारलं होतं. "भोक दिसलं का मानसाचा डोळा तिथंच जाते."

शामकला हसली. नागपूरला कॉलेजात शिकलेली ती. कामवालीच्या धसक्याला कशाला भीक घालणार? "राहू दे, दिवाळीला सगळं घर लिपूच," म्हणाली आणि तान्ह्याला पाजायला बसली.

कुडापलीकडे शेजारच्या उदारामची विहीर, तिच्या कडेला तट्ट्यांची न्हाणी. त्याची विधवा भावजय दुलारी दुपारी तिथं अंघोळ करी. एका दुपारी भोकातून शामकलाला दिसलं: उदाराम तट्ट्याला डोळा लावून उभा.

ओरडायला हवं होतं. ती पाहत राहिली. मानसशास्त्राच्या पुस्तकात चोरून पाहणाऱ्या पुरुषांवर अख्खं प्रकरण होतं. हा त्यातलाच, नीट पारखू, असं तिनं मनाला सांगितलं. चोरून पाहणाऱ्या बायांबद्दल त्यात दीड ओळ होती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुन्हा तिथंच. पाचव्या दिवशी पाळण्यात पोर रडून लाल झालं, तरी तिचं कपाळ कुडावरून हललं नाही.

आठव्या दिवशी दुलारीला तट्ट्याच्या फटीत उदारामचा डोळा दिसला. तिनं ओरडून गाव गोळा केलं.

"मी कायले पाहू?" उदाराम पंचांपुढं म्हणाला. "हे बाईच तट्टा सरकवून अंग दाखवते!"

"खोटं बोलून राहिले जी! देवाची आण!" दुलारी ओरडली.

"कोणी पाह्यलं का?" पंचांनी विचारलं.

दुलारीची नजर बायांवरून फिरत शामकलापाशी थांबली. न्हाणीसमोरचं घर तिचंच. शामकलाच्या ओठांवर शब्द आले होते, पण पुढचा प्रश्नही तिला ऐकू येत होता: आठ दिवस तू काय करून राहिली होतीस? तिनं कडेवरच्या पोराचं टोपरं सारखं केलं.

दुलारीच्या नावाला डाग लावून तिला माहेरी, मुर्रीला धाडलं.

दुसऱ्या सकाळी धुरपताबाई न विचारताच शेणमाती घेऊन आली. भोकाच्या वर, बरोब्बर कपाळाच्या उंचीवर, कुंकवाचा डाग होता; रोज घासून गडद झालेला.

"बाई, कुंकू भिंतीले काऊन लावलं?"

शामकलानं कपाळावर पदर ओढला. म्हातारीनं डागासकट लिपून टाकलं.

मुर्रीची वाट धरायची शामकलाची अजून छाती नाही. म्हणून ती तुम्हालाच विनवते: तिकडं जाणं झालं तर दुलारीच्या दारात डोकावू नका, आधी हाक मारा. मग तिच्या आईला विचारा, पोरगी मोकळेपणी अंघोळ करते का, की अजून लुगड्यावरूनच पाणी ओतून घेते.